खाचा विचारणारी किल्ली

काय हो, ईमेलखाली बँकेचं नाव दिसलं की लगेच विश्वास ठेवता? मग आधी हे ऐका.

फार पूर्वी वेलदोड्याच्या एका वखारीला पितळी कुलूप होतं. एका दुपारी त्याच्या भोकाशी कुणीतरी कुजबुजलं, "मी मालकांची नवी किल्ली. आत आग लागलीय! तुझ्या आतल्या पाचही खाचा कशा आहेत ते भराभर सांग, नाहीतर मालक तुला भंगारात घालतील."

घाबरून कुलपाने दोन खाचा सांगूनही टाकल्या.

तेवढ्यात कडी खेकसली, "अरे, गप्प बस! मी दाराला टेकलेय. दार गारगार आहे, आग कुठली?"

"पण ती मालकांचं नाव घेतेय, कडीताई."

"नाव कुणीही घेईल. खरी किल्ली असती तर तिला खाचा ठाऊक असत्या. तुला कशाला विचारेल?"

कुलपाने तिसरी खाच सांगितलीच नाही. स्वतःला किल्ली म्हणवणारी बाहेरची वाकडी तार चडफडत शेजारच्या वखारीकडे गेली.

संध्याकाळी मालकांची किल्ली आली आणि काही न विचारता फिरली. कुलपाने तिला लगेच त्या दोन खाचा सांगून टाकल्याची चूक सांगितली.

तुम्हीही घाईघाईत कुणाला किती खाचा सांगून बसलात, त्याचा हिशेब तेवढा प्रामाणिकपणे ठेवा, एवढीच विनंती.