गिधाडाने सांगितलेला अर्थ

एका राज्यात सुदर्शनसेन नावाचा राजा राज्य करीत होता आणि त्याला सांभाळता सांभाळता रेणुमती राणी जेरीस आली होती. झालं असं, की राजाने ताम्राक्ष जादूगाराकडे दूरदृष्टी मागितली आणि जादूगाराने त्याची नजर उचलून दूर नेऊन बसवली. तेव्हापासून राजाला सात डोंगरांपलीकडची मुंगी दिसे, पण पुढ्यातलं ताट दिसत नसे.

"महाराज, तळ्याच्या बांधाला भेग पडली आहे," राणी म्हणाली.

"ती दिसत नाही. समुद्रापलीकडे मात्र हत्तीला आंघोळ घालताहेत."

राणीने कपाळाला हात लावला आणि ताम्राक्षाचं घर गाठलं.

"मागितलं ते दिलं," तो म्हणाला. "शब्दाचा अर्थ कड्यावरच्या गिधाडाला विचारा."

गिधाड म्हणालं, "दूरदर्शी हे आमच्या कुळाचं नाव. आम्हाला कोसांवरचं दिसतं. पुढे शहाण्या माणसांनी ते उसनं नेलं आणि कोसांच्या जागी दिवस धरले. जे अजून आलं नाही ते पाहील, तो दूरदर्शी. राजाने आज गरज नसलेली तीन कामं स्वतःच्या हातांनी करावीत. शाप सुटेल."

"त्यांना स्वतःचे हात दिसत नाहीत."

"ती अडचण तुमची," म्हणून गिधाड पंख साफ करू लागलं.

भर उन्हाळ्यात राणीने राजाला धरून बांधावर नेलं. दगड तिने द्यायचा, जागा तिने दाखवायची, कुरकुर त्याने करायची.

"ढग कुठेच नाही. मी सगळीकडे पाहिलं."

"पाहणं पुरे. माती थापा."

भेग बुजली. मग खालच्या कोठारातलं धान्य टेकडीवर चढवलं. राजा पोत्यासकट पडला, राणीने पुन्हा उभा केला. शेवटी कोरड्या माळावर नाव बांधायला घेतली, तेव्हा नगर हसलं आणि राणीला रागाने रडू फुटलं.

एकाएकी राजाचा हातोडा थांबला. "नदी चढली, तर खालच्या आळीतली माणसं हिच्यात मावतील का?"

राणी त्याच्याकडे बघतच राहिली. "नाही मावणार."

"मग दुसरीही बांधू."

तो हे बोलला आणि त्याची नजर परतली. त्याला आपली फोड आलेली बोटं दिसली, धुळीने माखलेली राणी दिसली.

"तुम्ही फार दमलात," तो म्हणाला.

"केव्हाची," राणी म्हणाली.

पावसाळ्यात नदी चढली. बांध टिकला, खालची आळी नावांतून टेकडीवर गेली, एकही जीव गेला नाही. तेव्हापासून त्या राज्यात दूरदृष्टी म्हणजे उद्याची आज घेतलेली काळजी, असा अर्थ रूढ झाला. राजा राज्य पाहू लागला, राणीने भर दुपारी निवांत डोळे मिटले, आणि कहाणी इथे विसावली.