बंद तोंडाचे शंख

त्या किनाऱ्यावर घरं पुष्कळ होती, आणि राहायला जागा नव्हती.

तिथले रहिवासी म्हणजे मऊ पाठीचे खेकडे. पुढून बघावं तर नांग्या, डोळे, सगळा थाट. मागून मात्र अंग असं, की वाळूचा कण रुतला तरी जीव कळवळावा. म्हणून ते शंखात राहत; मोठी नांगी तोंडाशी आडवी लावली की दार बंद. शंख काही त्यांना बांधता येत नसे. समुद्र आणून टाकील तोच खरा. आणि अंग वाढत जाई, शंख वाढत नसे. अडचण जुनी होती, तिच्यावरची तोडही तितकीच जुनी. तिला ते रांग म्हणत.

रांगेची रीत अशी. भरतीनं एखादा मोठा शंख पुळणीवर टाकला, की ओहोटीला सगळे जमायचे. सर्वांत मोठा पुढे, त्याच्यामागे त्याहून लहान, असं करत करत शेवटी नुकतंच समुद्रातून चालत आलेलं उघडं पिल्लू. प्रत्येकानं पुढच्याला नांगीनं धरायचं. पहिला आपल्या शंखातून उठला, की एका दमात सगळी रांग उठायची, आणि जो तो पुढच्याच्या रिकाम्या घरात शिरायचा. एक शंख आला म्हणजे अख्ख्या किनाऱ्याला घर बदलून मिळे. शिरण्याआधी आत डोकावायचं नाही. घरावर संशय घेणं त्या मंडळींना असभ्य वाटे. आणि एकदा सरकलेली रांग मागे यायची नाही.

पुढे खाडीपलीकडचे बगळे येऊ लागले. थंडीच्या दिवसांत यायचे, पाठीवर ऊन घेत फिरायचे, आणि शंख दिसला की त्याला कान लावायचे. रिकाम्या शंखात समुद्र ऐकू येतो. खरा समुद्र समोरच गरजत होता, पण तो ओला, शंखातला कोरडा. बगळ्यांना तो मानवला. आत कुणी राहत असलं म्हणजे तो आवाज येत नाही, म्हणून परत जाताना ते आवडलेल्या शंखाच्या तोंडात धोंडा बसवून जाऊ लागले. खेकड्यांना आधी गंमतच वाटली. पाहुणे आहेत, कान लावतील नि जातील, असं ते म्हणाले. पाहुणे गेले, धोंडे राहिले. दर थंडीत नवे धोंडे. मोठे शंख बंद झाले म्हणून मोठे अडकले, मोठे अडकले म्हणून मधले, आणि मधल्यांमागं पिल्लं उघड्या पाठीनं हिंडू लागली. घारींना तो किनारा फार आवडू लागला.

बगळ्यांच्या पश्चात शंखांवर नजर ठेवायला तुतवार होता. तुतवार म्हणजे तो लहानसा पक्षी, बोलताना ज्याची शेपटी सारखी वर-खाली होते. चोचीनं धोंडा कलता करायची युक्ती त्याला ठाऊक होती. त्यानं धंदा काढला: पावसाळाभर राहा, भाडं एक पाय, बगळे आले की बाहेर. "पाय काय, परत फुटतो," असं तो म्हणे. फुटत असे खरा. फुटेपर्यंत पुढचा पावसाळा येई.

त्या खेकड्यांत सर्वांत थोरली तानूमावशी. संथ बाई. चालायला लागली की ओहोटी संपून भरती लागायची, असं पोरंटोरं म्हणत. तिचा शंख तिला केव्हाचाच घट्ट झाला होता; श्वास अर्धाच घ्यायचा, अशी सवय तिनं लावून घेतली होती. त्यामुळे एका मोठ्या भरतीनं वाळू वाहून नेली नि केवड्याच्या बनाखाली एक थोर शंख पालथा पडलेला दिसला, तेव्हा साऱ्या किनाऱ्याला आनंद झाला. हा आला म्हणजे सगळेच सुटले.

रांग लागली. मावशी पुढे, तिच्यामागे धाकलू, त्याच्यामागे हौसा, आणि पार शेवटी दाण्याएवढं एक पिल्लू. मावशीनं रीतीप्रमाणे आत न बघता पाठ फिरवली, आपल्या शंखातून उठली आणि मागून मागून आत सरकली. तिच्या मऊ पाठीला गार दगड लागला.

तोवर रांग सरकून गेली होती.

"मावशे, शिरलीस का गं?" तिच्या जुन्या शंखातून धाकलूचा खुशीतला आवाज आला. "इकडं तर लई ऐसपैस आहे बघ!"

"धाकल्या, आत बगळ्यांचा धोंडा आहे."

मग धाकलू हळू म्हणाला, "मी उठतो. तुझं घर घे तू."

"तू उठलास तर हौसेला उठावं लागेल, हौसा उठली तर तिच्या मागच्याला. शेवटी ते दाण्याएवढं पोर उघडं पडेल. आज पहिल्यांदा घर बघितलंय त्यानं. बस तिथंच."

"आणि तू?"

"बघते माझं मी."

नारळाची एक करवंटी मिळाली, ती मावशीनं पाठीवर ओढून घेतली. करवंटी म्हणजे नुसतं छप्पर. मागची बाजू सताड उघडी. वर घार फिरू लागली, आणि ती गेली की तिची सावली लगेच दुसरीकडून येई. तशीच फरपटत मावशी कासवाकडे गेली. किनाऱ्यावर कुणाचं काय, हे ठरवायचं काम त्याच्याकडे होतं.

"कासवदादा, घर आतून रिकामं आहे नि मी बाहेर उघडी आहे. यातलं बरोबर काय आहे, तेवढं सांग."

कासवानं प्रश्न नीट ऐकून घेतला, आणि मान आपल्या घरात ओढून घेतली.

परतताना तुतवार आडवा आला. शेपटी हलत होतीच. "बाई, तो शंख तर तुझ्याच मापाचा आहे. द्यायला माझी ना नाही. पण एवढ्या घराला पाय चालायचा नाही हो. मोठी नांगी लागेल."

"नांगी तुला दिली तर दार कशानं लावू?"

"दार कशाला लावायचंय? थंडीत बाहेरच तर पडायचं आहे!"

मावशी त्याला वळसा घालून निघाली. मग ती केवड्याखाली गेली, त्या शंखाच्या तोंडाशी बसली आणि दोन्ही नांग्यांनी धोंड्याची कड धरली.

"हे काय चाललंय?" तुतवारानं विचारलं.

"रांगेत उभी आहे."

"रांग? एकटीची?"

"पहिली एकटीच असते, बाबा."

"बगळे येईपर्यंत बसशील अशी?"

"बगळ्यांच्या आधीपासून मी इथं आहे. मला घाई नाही."

तुतवार हसत उडाला, आणि पुळणभर ही गंमत सांगत सुटला. त्याची तेवढी चूक झाली. धाकलूच्या कानावर गेलं, तसा तो आला आणि मावशीच्या मागे उभा राहिला. करवंटीची कड त्यानं नांगीनं धरली. मग हौसा आली, एका बाजूला कलत. "ढकलू नका रे मला, माझे पाय भाड्यानं गेलेत!" ती ओरडली, तसे मागचे हसले. मग मधले आले, त्यांच्यामागे लहान आले. भाड्याच्या शंखातले आले, ज्यांना शंखच नव्हता ते आले. त्यांना दोन शंखांच्या मध्ये, सावलीला घेतलं. एरवी रांग लागायची ती घर उघडं असलं म्हणजे. बंद घरासमोर लागलेली ही पहिलीच.

भरती चढू लागली. लाटा रांगेवरून जाऊ लागल्या, पण कुणी कुणाला सोडलं नाही. पाणी शंखाखाली शिरलं तशी धोंड्याभोवतीची वाळू सैल झाली, आणि मावशीला तो नांगीत किंचित हललेला कळला.

"धाकल्या, आता ओढायचं. सगळ्यांनी."

"कुठं ओढायचं?"

"मागं."

"रांग मागं सरकत नाही, मावशे."

"आजवर नव्हती सरकली."

पण करवंटी ओढून धोंडा थोडाच निघणार होता. धाकलूला तिचं अंगच धरायला हवं होतं. मावशीनं करवंटी सोडली. ती लाटेबरोबर निघून गेली, आणि किनाऱ्यावरच्या थोरल्या बाईची मऊ पाठ उघड्या आभाळाखाली राहिली. धाकलूनं तिला जपून धरलं. घारीची सावली वाळूवरून सरळ त्यांच्याकडे निघाली.

"मावशे, आली गं!"

"बघू नकोस वर. ओढ."

रांग मागे सरकली. एका दमात, जशी पुढे सरकायची तशी; फक्त उलटी. सरकताना साऱ्यांनी आपापली मोकळी नांगी वर उचलली, आणि खाली झेपावलेल्या घारीला वाळूच्या जागी काट्यांचं लांबच लांब कुंपण दिसलं. ती पंख फडफडवत वरच्या वर वळली. धोंडा सुटून वाळूत लोळला. मावशी मागून मागून शंखात शिरली आणि पहिल्यांदाच रीत मोडून तिनं मान वळवून घर आतून बघून घेतलं. मग कितीतरी दिवसांनी तिनं पुरता श्वास घेतला.

"झालं का गं?" धाकलूनं विचारलं.

"माझं झालं. तो बघ, पलीकडं दुसरा आहे. धर मला."

रांग पलीकडे निघाली.

थंडी पडली, आणि बगळे आले. पुळणीवर जागोजाग नुसते धोंडे पडले होते. तुतवार कुठं दिसेना. सर्वांत थोरला बगळा नेहमीच्या डौलात केवड्याखाली गेला, आपल्या शंखापाशी थांबला, डोळे मिटले आणि मान वाकवून कान लावला.

समुद्र ऐकू येईना. आत कुणीतरी सावकाश कूस बदलली, आणि घरात बसलेल्या माणसाच्या आवाजात विचारलं, "कोण आहे बाहेर?"