पाठीवरचं गाठोडं

फार मागे, झाडंही मनातलं बोलून दाखवत तेव्हा, एका कपाशीच्या पानांखाली पांढऱ्या माश्या राहायला आल्या. पानं चिकट होऊन पिवळी पडू लागली.

"ऊन लागलंय तुम्हाला, ताई," माश्या म्हणायच्या.

एके सकाळी पाठीवर गाठोडं घेतलेली एक अळी शेजारच्या वांग्यावरून उतरून कपाशीच्या खोडावर चढू लागली.

"चोरटी आहे ती! गाठोडं बघा केवढं!" माश्या ओरडल्या.

कपाशीलाही संशय आला. "थांब गं! माझं काय चोरलंस?"

"तुमचं काही नाही, ताई. खुशाल झडती घ्या."

कपाशीने पान वाकवून पाहिलं. गाठोड्यात वांग्यावरच्या पांढऱ्या माश्यांची, या अळीनेच शोषून कोरडी केलेली सालपटं होती.

माश्या पानांखाली आणखी आत सरकल्या.

"वर ये," कपाशी अळीला म्हणाली, "आणि आधी पानांच्या खालच्या बाजूला बघ."