सळईखाली धरलेला तळहात

त्या वर्षी सोमगीर महाराजांचा मुक्काम डोंगरापलीकडे, गव्हाळीच्या मठीत होता. अलीकडे सावरखोऱ्यात टोपल्या विणणारी सगुणा बुरूडीण राहत असे. तिला मूलबाळ नव्हते. खंड्या नावाचा कुत्रा आणि महाराजांचे नाम, एवढाच तिचा संसार.

एके दिवशी खंड्याच्या नाकातून रक्त येऊ लागले. जखम कुठेच दिसेना. तो मान झटके, गुदमरल्यासारखा शिंके आणि भिंतीवर लाल थेंब उडत. ताप नाही, सूज नाही. हे रक्त कशाचे, कोणालाच कळेना. आयाबायांनी मुले घरात ओढली. "काहीतरी शिरलंय त्याच्यात," लोक कुजबुजू लागले. खंड्या जवळ आला की सगुणेचाही हात क्षणभर थबके. मग डोळे मिटून ती त्याला कुरवाळी.

गुरांना डाग देण्यात रंभाजी वैद्याचा मोठा लौकिक. तो सळई घेऊनच आला.

"कपाळावर डाग दिल्याशिवाय हे थांबायचं नाही."

"आणि मेला तर, वैद्यबुवा?"

"मेला तर पीडा गेली! नाहीतर बोलाव की तुझ्या गोसाव्याला. अंगारा फुंकेल!"

लोक हसले, पण मागे सरकूनच.

दोघा गड्यांनी खंड्याला दाबून धरले. विस्तवात सळई लाल झाली. "महाराज!" एवढेच सगुणा मनात म्हणाली. सळई खाली आली, आणि मधे एक तळहात आला. चर्र झाले नाही. कातडी जळल्याचा वास आला नाही. डोंगरापलीकडचे महाराज समोर बसलेले होते!

"रंभाजी, घाई करू नकोस," महाराज म्हणाले.

त्यांनी कमंडलूतले पाणी खंड्याच्या नाकाशी धरले, पण पिऊ दिले नाही. सगळे श्वास रोखून उभे. काही वेळाने नाकपुडीतून काळेभोर काहीतरी पाण्याकडे लांबत आले. सगुणा किंचाळली. महाराजांनी ते चिमटीत धरून हलकेच ओढले. रक्ताने टच्च फुगलेली जळू!

"डोहावर पाणी पिताना शिरली, सगुणे. तिलाही पाण्याची ओढ असतेच."

रंभाजीने महाराजांचा तळहात उलटून पाहिला. साधा डागही नव्हता. तो पाया पडायला वाकू लागताच महाराज म्हणाले, "आधी त्याला पाज."

रंभाजीने ओंजळीत पाणी घेतले. खंड्या आधी मागे सरला. मग लपलप प्यायला. त्या ओल्या हातांनीच रंभाजीने महाराजांचे पाय धरले.