हैबतीने भरलेला बार

निवळगडाच्या दुसऱ्या दरवाजातून खाली उतरलं की उजव्या अंगाला पुरुषभर उंचीचा एक काळा धोंडा दिसतो. जरा जवळ जाऊन बघा, पाहुणे. त्याच्या पोटावर वाटाण्याएवढ्या खळग्या आहेत. कुठे कुठे विरळ, पण मधोमध एका जागी इतक्या दाट की तळहाताखाली सगळ्या झाकल्या जाव्यात. त्या गोळ्यांच्या खुणा आहेत आणि ही दाट जागा एका बाईच्या हातची आहे, असे सांगतात.

गडावर हैबती नावाचा जिनगर होता. वीस वर्षं गडाची सगळी हत्यारं दुरुस्तीला त्याच्या हाताखालून जात. त्याची बायको सगुणा. तिच्या माहेरी बंदुकीची दारू कांडायचं काम, त्यामुळे कोळसा, सोरा, गंधक किती नि कसा, हे तिला चिमटीत घेऊन कळे.

एका साली किल्लेदाराने एका फिरंगी व्यापाऱ्याकडून पिस्तूल घेतलं. दिसायला देखणं, पण गोळी नेमाच्या खाली जाई. तीही कधी वीतभर, कधी हातभर. हैबतीने ते या धोंड्यासमोर आणलं. नळीच्या टोकावर नेम धरायचा दाणा असतो, त्याला माशी म्हणतात. हैबती ती तीन दिवस कानशीने घासत होता. गोळी काही ठिकाणावर येईना.

सगुणा भाकरी घेऊन आली होती. ती म्हणाली, "माशीला हात लावू नका अजून. घासलेलं परत चढत नाही. आधी दारू ठरवा. दरवेळी बार निराळा भरला तर गोळी एका जागी पडेल कशी?"

"तू आपलं कांडायचं बघ," हैबती म्हणाला.

पण किल्लेदार मागेच उभा होता. "बाई, तू भरून दाखव," तो म्हणाला.

सगुणेने बांबूच्या कांडीचं एक माप कापलं. दारू पावपट कमी केली, गोळीला चरबी लावलेली चिंधी गुंडाळली, गजाने बार सारख्या जोराने ठासला. पाच वेळा भरलं, पाच वेळा उडवलं. पाचही गोळ्या खालीच लागल्या, पण एकमेकींना खेटून. "आता माशी उतरवा," ती नवऱ्याला म्हणाली, "थोडी थोडी." हैबतीने कानस चार वेळा फिरवली नि बार काढून पाहिला. पुन्हा चार वेळा. सूर्य कलायच्या आत गोळी नेमावर बसली.

किल्लेदाराने हातातलं चांदीचं कडं काढून सगुणेला दिलं. "हैबती, हात तुझा चांगला. पण डोळा हिचा," तो म्हणाला.

ते वाक्य हैबतीच्या काळजात रुतलं. दुसऱ्या दिवसापासून शिपाई दाराशी येऊन विचारू लागले, "वहिनी आहेत का?" तो तिथेच ऐरणीपाशी बसलेला असे. ती भाकरी थापायला बसली की कडं परातीवर वाजे, आणि त्याचा घास तोंडात फिरे. एकदा त्याने तिचं माप चुलीत घातलं. तिने काही न विचारता दुसरं कापलं.

दसऱ्याला या धोंड्यावर बार काढायची रीत होती. त्या वर्षी पहिल्या बाराचा मान सगुणेला मिळाला. सकाळी तिने पिस्तूल भरून पूजेच्या ताटात ठेवलं आणि ती लुगडं नेसायला आत गेली. हैबतीने तिच्या बारावर आणखी एक बार ठासला. तिच्या हाताला हिसका बसावा, गोळी आभाळात जावी, लोक हसावेत, एवढंच म्हणे त्याच्या मनात होतं. खरं काय ते त्यालाच ठाऊक.

सगळा गड जमला. सगुणेने पिस्तूल उचललं आणि ते नवऱ्यापुढे धरलं. "पहिला बार तुम्ही काढा. माशी तुमच्या हातची आहे."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण शंभर डोळे बघत होते. "मागे सरा सगळे," एवढं तो म्हणाला, हात होईल तितका लांब धरला, तोंड फिरवलं आणि चाप ओढला. नळी फुटली. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

"बाईने बार जास्त भरला," लोक म्हणाले. किल्लेदाराने कडं परत मागितलं. वहिनींना विचारत कुणी दाराशी येईना. हैबतीला जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि सगुणा त्याला आपल्या हाताने घास भरवत होती. माप घेऊन ती दारू पुन्हा पुन्हा पानावर ओतून बघे. एके दिवशी म्हणाली, "चुकलं कुठे तेच कळत नाही हो. तुमचा हात मी घालवला." तेव्हाही तो बोलला नाही.

बोलला तो पुढच्या दसऱ्याला. सगळ्यांसमोर या धोंड्यावर डावा हात ठेवून म्हणाला, "बार मी भरला होता. तिच्या बारावर दुसरा. ती माझ्यापेक्षा सरस निघाली, हे मला बघवलं नाही."

किल्लेदाराचा हात तलवारीकडे गेला. सगुणेने मात्र दुसरं पिस्तूल मागून घेतलं. दर माप मोठ्याने सांगत ते भरलं आणि उडवलं. पुन्हा भरलं, पुन्हा उडवलं. दारूची पिशवी संपेपर्यंत ती थांबली नाही, आणि सगळ्या गोळ्या धोंड्याच्या या एकाच जागी बसल्या. मग नवऱ्याकडे न बघता एकटी गड चढून गेली. पुढे ऐरणीपाशी दोघं एकत्र बसत, ती सांगे आणि तो डाव्या हाताने घाशी. तिने त्याला माफ केलं का, हे मात्र कुणी सांगत नाही.

आजही दसऱ्याला इथे बार काढताना गावकरी आधी विचारतात, "बार कुणी भरला?" ज्याने भरला त्याने धोंड्याला हात लावून आपलं नाव मोठ्याने सांगायचं. कुणी पुढे आलं नाही, तर ती बंदूक पाण्यात बुडवतात. आणि ज्याची बायको हजर असेल, त्याचा बार तीच भरते. तोवर नवरा दहा पावलं लांब, हात बांधून उभा राहतो.