शेकरूचे दात

घाटमाथ्यावरच्या एका दाट जंगलात, जिथे पायवाटासुद्धा चढता चढता अर्ध्यावर बसकण मारतात, तिथे एक शेकरू राहत असे. शेकरू म्हणजे झाडावरची मोठी, तांबूस, झुपकेदार शेपटीची खार. मुलांनो, शेकरूचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात. बाकीचे अंग वाढून वाढून थांबते. दात थांबत नाहीत. म्हणून शेकरूंच्या कुळात एक रीत आहे. सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी, हिरड्याची एक टणक बी घ्यायची आणि ती कुरतडत बसायचे. दात तेवढेच झिजतात. बीला चव नसते, कुरतडण्यात गंमत नसते आणि पाहणारा कोणी "वाहवा" म्हणत नाही. तरी या शेकरूने ही रीत पुष्कळ दिवस पाळली होती.

मग चैत्रात उंबर पिकले. एका सकाळी डोळे उघडले तर नाकासमोरच लालबुंद, मऊ फळांचा घोस. शेकरू म्हणाले, "एक दिवस बी नाही कुरतडली, तर काय आभाळ कोसळणार आहे?" आणि खरोखरच आभाळ कोसळले नाही. दातही जिथल्या तिथे होते. सगळे दुखणे इथेच आहे. पहिल्याच चुकीला एक चपराक बसत असती, तर जगात आळशी प्राणी औषधालाही सापडला नसता. दुसऱ्या दिवशी पुन्हा उंबर होते, तिसऱ्या दिवशी कंटाळा होता आणि चौथ्या दिवशी, 'आता मोडलाच आहे नेम, तर नव्याने नीट सुरुवात करू,' असा थोर विचार होता.

शेजारच्या झाडावर एक वानर होता. स्वतः काही करायचे नाही, त्यामुळे सल्ले द्यायला त्याला भरपूर सवड असे. तो म्हणाला, "शेकरूराव, भलत्याच दिवशी धरलेला नेम टिकत नाही. पौर्णिमा धरा!" शेकरूला हे फार पटले, कारण पौर्णिमेला अजून अकरा दिवस होते. पौर्णिमा आली, पण चंद्रावर ढग होते, म्हणून ती धरली नाही. पुढची पौर्णिमा लख्ख होती, पण तेव्हा आंबे पिकले होते. दर वेळी नवा संकल्प करताना शेकरूला इतके बरे वाटे, की नेम पाळल्याचे समाधान त्यातच मिळून जाई.

दात मात्र पौर्णिमेसाठी थांबले नव्हते. वरचे दात वाकून हनुवटीकडे आले, खालचे वर टाळूला टेकले. तोंड धड मिटेना, धड उघडेना. जांभळे पिकली तेव्हा एक जांभूळ तोंडात घालायला शेकरूला सकाळची दुपार झाली, आणि शेवटी ते निसटून खाली पडलेच. एका उडीत या झाडावरून त्या झाडावर जाणारे शेकरू आता फांदीवरून फांदीवर जातानाही दम खाऊ लागले. पोट पाठीला लागले. असेच चालले तर आपले थोडेच दिवस उरले आहेत, हे त्याला कळून चुकले होते. भीती वाटायलाही जरा ताकद लागते. तीही फारशी उरली नव्हती.

"एवढंच ना?" वानर म्हणाला. "मागची सगळी कसर एका दिवसात भरून काढा! चांगल्या शंभर बिया घ्या. मी सगळ्यांना बोलावतो. चार जण बघायला असले की हुरूप येतो."

चार नव्हे, चाळीस जमले. खारी आल्या, पोपट आले, खाली भेकर येऊन उभे राहिले. वानराने शौर्यावर भाषण केले. शेकरूने सगळा जीव एकवटून पहिली बी दातात धरली आणि करकर आवाज निघाला. टाळ्या पडल्या. चौथ्या बीला जबडा सुजला. सहाव्या बीला वरच्या एका दाताचा तुकडा कट्कन उडाला आणि शेकरू कळवळून फांदीवर आडवे झाले. बघ्यांना आपापली पिल्ले आठवली. वानराला पलीकडच्या दरीत अगदी निकडीचे काम निघाले.

शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. पण तीन दिवसांनी, ऊन कलल्यावर, हे शेकरू बुंध्यावरून घसरत खाली आले, ते केवळ वर थांबून काही होण्यासारखे नव्हते म्हणून. तिथे एक म्हातारी साळू, म्हणजे काटेवाली साळिंदर, सांबराचे गळून पडलेले शिंग पुढ्यात घेऊन त्यावर दात घाशीत होती. साळूचेही दात जन्मभर वाढतात.

थोडा वेळ तिच्याकडे पाहून शेकरू फुटक्या तोंडाने म्हणाले, "साळूमावशी, हे तू रोज करतेस?"

"रोज."

"आवडतं तुला?"

"शिंगात काय गूळ भरलाय आवडायला?" साळू म्हणाली. "तुझ्या आज्याच्या वेळेपासून मला याचा कंटाळा आहे."

"मग रोज उत्साह आणतेस तरी कुठून?"

"उत्साह? तो पाहुणा रे, बाळा. आला तर बस म्हणते. नाही आला तर त्याच्यासाठी जेवण खोळंबून ठेवत नाही." तिने शेकरूच्या तोंडाकडे नीट पाहिले. "अगंबाई! हे काय करून ठेवलंस? ये इकडे. शिंगाचं ते टोक धर आणि दहा वेळा घास. हलक्या हाताने."

"दहाच? एवढ्याने काय होणार?"

"आज? काही नाही."

"मग उद्या?"

"उद्याही नाही." एवढे बोलून साळू पुन्हा आपल्या कामाला लागली.

शेकरू धीराच्या एखाद्या शब्दाची वाट पाहत राहिले. साळू दात घाशीत राहिली. शपथ घ्यावी म्हटले, तर शपथ घेण्याइतके त्राण नव्हते. मग नाइलाजाने त्याने शिंगाचे टोक धरले आणि दहा वेळा घासले. त्यातले चार वेळा वाकडेच घासले गेले. काहीही झाले नाही. जमिनीवर फुटून पडलेल्या फणसाचा रस चाटून शेकरू वर जाऊन निजले.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर ते पुन्हा उतरले. तिसऱ्या दिवशी जबडा दुखत होता, तरी उतरले. पाचव्या दिवशी अजिबात वाटत नव्हते. कुरकुरत, साळूला आणि शिंगाला तोंडातल्या तोंडात शिव्या देत उतरले. साळूला त्याचे काही नव्हते. ती म्हणाली, "शिव्या दे, पण घासताना दे. वेळ वाचतो." असे किती दिवस गेले ते शेकरूने मोजले नाही. मोजण्यासारखे त्यात काही घडतच नव्हते. आणि मग एका सकाळी झोपेतून उठताना त्याच्या लक्षात आले, की आपले तोंड मिटलेले आहे. त्याने समोरचे जांभूळ तोडले, चावले आणि गिळले. मग आणखी एक. मग तो सगळा घोस संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

दरीतले काम आटोपून वानर तोवर परत आला होता. "वा, शेकरूराव, वा!" तो ओरडला. "मी म्हटलं नव्हतं? झालं की नाही काम फत्ते! आता आजचा दिवस सुट्टी घ्या, मजा करा!"

शेकरूने तोंड पुसले. मग हिरड्याची एक बी शोधून काढली आणि कंटाळल्या आवाजात म्हणाले, "घेतो की, वानरदादा. दहा वेळा एवढी कुरतडून होऊ दे, मग घेतो सुट्टी."

तात्पर्य : नेम उत्साहावर चालत नाही आणि मुहूर्तावर तर नाहीच नाही, कंटाळा आलेला असतानाही जो रोजचे थोडेसे काम उरकतो, त्याचाच नेम टिकतो.