फुटलेली सुगडं

संक्रांत आली, तरी इनामदारांच्या घरावर कळा नव्हती. श्रावणात त्यांचा एकुलता एक मुलगा गेला होता. त्यातच पाणी भरणाऱ्या सोनाईची सहा वर्षांची तानी, सुगडांचं ताट आणणाऱ्या आईचं ओझं हलकं करायला धावली, आणि ताटातली वाणाची पाचही सुगडं उंबऱ्यावर फुटली. त्याआधी इनामदारांच्या भाचीनं सहावं एक फोडलं होतं, तेही तिळगूळ चोरताना.

"भाचीच्या हातून एकच फुटलं, तिला रागावणं पुरे," इनामदार गरजले. "पाच फोडणारीनं आईला घेऊन आजच गाव सोडायचं. जेवढं नुकसान, तेवढा गुन्हा!"

तानी आईच्या पदराआड लपली. पूजेला आलेल्या गोदूकाकू पुढे झाल्या. त्या हात जोडून म्हणाल्या, "रावसाहेब, असा न्याय चार वर्षांची पोरं करतात. फुटलेलं मोजतात, मन बघत नाहीत. बाळाला वैद्याकडे न्यायला तुम्हीच पुरात गाडी घातलीत, आणि बाळ वाहून गेलं. मग नुकसान मोजून तुम्हाला कोणती शिक्षा द्यायची?"

इनामदार मटकन खाली बसले आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रडले.

"राहू दे त्यांना," ते कसेबसे म्हणाले.

काकू हळूच म्हणाल्या, "देवी मन बघते, बाबा. तुम्हालाही तिनं केव्हाच माफ केलंय."